कर्ज फिटेपर्यंत चेहऱ्याचा खर्च: रुपयांआधी दिवस मोजा

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्यात भाड्याने राहणाऱ्या आणि महापेला नोकरी करणाऱ्या एका ताईंवर क्रेडिट कार्डाचे ८४,००० रुपये थकले आहेत. पर्सनल लोनचा हप्ताही चालू आहे. कार्डाचं दर महिन्याला किमान देय तेवढंच भरलं जातं. सीरम-क्रीमवर महिन्याला २,६००, साबण-शाम्पू वगैरेवर १,१०० आणि पार्लरवर १,८०० असे ५,५०० रुपये जातात. दोनदा सगळं एकदम बंद करून पाहिलं. दोन्ही वेळा तीन आठवडे निभावलं, मग चेहरा ओढल्यासारखा होऊन पुरळ उठलं आणि पुढच्या सेलमध्ये सात हजारांची खरेदी झाली. त्वचा न बिघडवता खर्च कसा आवरायचा, हे त्यांना हवं आहे.

ताई, आधी कार्डाचं गणित समोर ठेवू, म्हणजे कुठल्या डबीची खरी किंमत किती हे कळेल. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ८४,००० वर २,९४० रुपये होतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५२९. एकूण ३,४६९. किमान देय बहुतेक बँकांत थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तुमचं ४,२००. तुम्ही ४,२०० भरता तेव्हा मुद्दल उतरतं फक्त ७३१ रुपयांनी. त्याच महिन्यात कार्डावर २,६०० ची सीरमं आली की थकबाकी वाढलीच.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मागची बाकी पूर्ण भरली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घेतल्या तारखेपासून व्याज चालू. सेलमध्ये ७४९ चं सीरम ५९९ ला मिळालं, १५० वाचले, असं वाटतं. त्या ५९९ वर जीएसटीसह महिन्याला जवळपास २५ रुपये व्याज चढतं. सहा महिन्यांत सवलत संपली, आणि पुढे ते सीरम मूळ किमतीपेक्षा महाग पडत जातं.

आता उलट बाजू बघा. ५,५०० चा खर्च १,७०० वर आणला तर ३,८०० सुटतात. ते ४,२०० मध्ये घालून दर महिन्याला न चुकता ८,००० भरले आणि कार्डावर नवं काही घेतलं नाही, तर ही बाकी साधारण १४ महिन्यांत फिटते. ४,२०० च कायम भरत राहिलात तर ४३ महिने लागतात. थकबाकीबरोबर किमान देयही उतरत जातं, म्हणून फक्त तेवढंच भरणाऱ्याला ४३ पेक्षाही कितीतरी जास्त लागतात. १४ आणि ४३ महिन्यांच्या एकूण भरण्यात सुमारे ६९,००० रुपयांचा फरक पडतो.

१,७०० मध्ये भागतं का? भागतं, आणि चेहऱ्याची हेळसांड न करता भागतं. कारण तुमचा पैसा वापरात जात नाहीये, वापराच्या पुढे पळणाऱ्या खरेदीत जातोय. हे तुम्ही एका रविवारी घरीच तपासू शकता.

जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा. बाथरूम, कपाट, पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, प्रवासाची बॅग, जिथे जिथे काही आहे ते सगळं त्यावर मांडा. एकाच कामाच्या वस्तू एकत्र ठेवा: केस धुण्याचं, चेहरा धुण्याचं, ओलावा देणारं, उन्हासाठीचं, डाग-मुरुमांसाठीचं. मग प्रत्येक ढिगापुढे किती दिवस पुरेल ते लिहा. समजा शाम्पूच्या तीन बाटल्या निघाल्या आणि त्यांत उरलेलं १८०, ३४० आणि ६५० मिली, म्हणजे १,१७० मिली. खांद्यापर्यंतच्या केसांना एका धुण्याला ८ मिली, म्हणजे चहाचे दीड चमचे, पुरे होतात. आठवड्यातून तीनदा धुतलेत तर २४ मिली. झाले ४८ आठवडे. पुढचं जवळजवळ वर्षभर तुम्हाला शाम्पूच्या शेल्फकडे बघायचंही कारण नाही.

सीरमचा हिशोब याहून बोलका आहे. ३० मिलीची बाटली, एका वेळी चार-पाच थेंब, म्हणजे पाव मिली. दिवसातून एकदा लावलं तर चार महिने पुरते. पाच बाटल्या उघड्या असतील आणि रोज रात्री त्यांतली एकच लावत असाल, तर सगळ्या संपायला वीस महिने हवेत. बाटलीच्या मागे उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढेच महिने ती वस्तू चांगली राहते असा त्याचा अर्थ. वीस महिन्यांचा माल बारा महिन्यांत वाया जाणार, हे घेतानाच ठरलेलं होतं.

क्रीमचा वापर अंदाजाने कळत नाही, तिथे स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरा. आज ट्यूब ठेवली, ५८ ग्रॅम भरली. पुढच्या रविवारी ५० भरली, म्हणजे आठवड्याला ८ ग्रॅम. रिकाम्या ट्यूबचं वजन १०-१२ ग्रॅम धरा, आत सुमारे ३९ ग्रॅम उरलं, जवळपास पाच आठवडे. नवीन ट्यूब कधी घ्यायची ती तारीख मार्करने ट्यूबवरच लिहून टाका. नवं काही उघडलं की उघडल्याची तारीखही लिहा. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत जास्त पैसा हा मार्करच वाचवतो, कारण सेलची जाहिरात आली की तुमच्यासमोर मनाची इच्छा नसते, तारीख असते.

संपवण्याचा क्रम असा. व्हिटॅमिन सी सर्वांत आधी, कारण ते हवा-उजेडाने खराब होतं. रंग गडद नारिंगी किंवा तपकिरी झाला असेल तर टाकून द्या, लावू नका. त्यानंतर जे आधी उघडलंय ते. एका वेळी एकच सीरम. नायसिनामाइड, आम्ल असलेलं आणि रेटिनॉल एकाच आठवड्यात आलटून-पालटून संपवायला गेलात तर चेहरा लाल होईल आणि तो शांत करायला आणखी एक क्रीम विकत घ्याल. न उघडलेलं जे जास्तीचं आहे ते वेगळ्या पिशवीत ठेवा: हळदी-कुंकवाचं वाण, भाऊबीज, मैत्रिणीचा वाढदिवस. तिथे नव्याने होणारा खर्च तेवढा वाचतो.

माल संपत आला की पुन्हा काय घ्यायचं? कामाने विचार करा. चेहऱ्याला रोज तीनच कामं लागतात: स्वच्छ करणं, ओलावा टिकवणं, उन्हापासून जपणं. डाग किंवा मुरूम असतील तर चौथं, त्यावरचं एक औषध. टोनर, एसेन्स, मिस्ट, आय क्रीम, शीट मास्क ही वरच्याच कामांची पुन्हा पुन्हा भरलेली किंमत आहे. शीट मास्कमध्ये बहुतेक पाणी आणि ग्लिसरीन असतं. हायलुरोनिक सीरमही आपल्याकडच्या दमट हवेत, ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर लावत असाल तर, वेगळं घ्यायची गरज नाही. नायसिनामाइड १० टक्क्यांचं घ्यायचा आग्रह नको. २ ते ५ टक्के पुरतं, आणि तेवढं कित्येक साध्या मॉइश्चरायझरमध्ये आधीच असतं.

सनस्क्रीनवर मात्र हात आखडू नका. पैसे कमी पडले की लोक हीच ट्यूब आधी चिमटीने वापरू लागतात, मग काळे डाग गडद होतात आणि डागांच्या सीरमवर दुप्पट पैसे जातात. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर रेघ ओढून येईल तेवढं, साधारण एक ते सव्वा ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब त्या मापाने ४० ते ५० दिवस जाते. एसपीएफ ३० पुरेसा आहे. तो उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतो आणि ५० वाला ९८. त्या एका टक्क्यासाठी दीडपट पैसे मोजू नका. बचत करायची ती दुसऱ्या थराची. सकाळी नऊला घरातून निघालात, दिवसभर खिडकीपासून लांब बसलात आणि अंधार पडल्यावर परतलात, तर दुपारी पुन्हा लावायची गरज नाही. दुपारच्या जेवणाला बाहेर जाताना छत्री घ्या, स्कूटरवर ओढणी बांधा.

ओलाव्यासाठी जून ते सप्टेंबर हलकं लोशनही पुरतं. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात जाड क्रीम लावून मुरूम वाढवण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात ओठ, टाचा, कोपरं यांना साधी पेट्रोलियम जेली. पाणी उडून जाण्यापासून त्वचेला अडवण्यात तिच्या तोडीचं महागड्या डब्यांतही फारसं काही नाही. अंगाला, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच, खोबरेल तेलाचे काही थेंब किंवा केमिस्टकडचं ग्लिसरीन चौपट पाण्यात मिसळून लावा. हे मिश्रण एका वेळेपुरतंच हातावर करा, बाटलीत भरून ठेवू नका. खोबरेल चेहऱ्यावर नको, रंध्रं बुजून मुरूम येतात.

अंगासाठी बॉडी वॉश सोडून वडीवर या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाच्या वड्या, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. लिक्विड सोप, फेस क्रीम आणि सनस्क्रीन १८ वरच आहेत. वडी घेताना वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण, किती ते वाचा. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या दर्जाचा साबण. ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर साबण कमी आणि भर जास्त. वडी अर्धी कापून वापरा आणि पाणी निथळणाऱ्या जाळीवर ठेवा, चिखल झालेला साबण वापरापेक्षा मोरीतच जास्त जातो. वडी चेहऱ्याला मात्र लावू नका. तुमचं पुरळ उठलं त्यात क्रीम बंद केल्याचा हात असेल, पण फेसवॉश सोडून साबण लावला असेल तर त्याचाही आहे.

पाण्याकडेही बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येणाऱ्या भागात साबण-शाम्पूला फेस सहज येतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर टँकर किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना मात्र दुप्पट शाम्पू ओतूनही केस चिकट लागतात. तो दोष जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याचा आहे, महाग शाम्पूने जात नाही. पिण्याच्या नळाचं एक तांब्या पाणी शेवटी केसांवर ओतलं तर फरक पडतो. शाम्पूत पाणी घालून बाटली वाढवण्याचा उपाय करू नका. त्यातलं टिकाऊपणाचं द्रव्य पातळ होतं आणि आठवड्याभरात जंतू धरतात. एका धुण्यापुरतं मगात पातळ केलं तर हरकत नाही.

खरेदीत एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात एका मिलीची किंवा एका ग्रॅमची किंमत छापलेली असते. तीच बघा. मोठी बाटली नेहमी स्वस्त असतेच असं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कित्येकदा मिलीमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते, शिवाय ५-६ मिलीचं माप आपोआप मिळतं. ‘दोनवर एक मोफत’ तेव्हाच, जेव्हा तिन्ही मुदतीत संपतील. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर ९० रुपयांची टूथपेस्ट मागवताना डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून जे १५० चं वर पडतं, तेच तुमच्या १,१०० मधलं गळतं भांडं आहे. रोजच्या वस्तू महिन्यातून एकदा, यादी घेऊन, घराजवळच्या दुकानातून. ठाण्याला जाणं असेलच तर जांभळी नाक्यावर घाऊक दरात मिळतात, पण त्यासाठी मुद्दाम ट्रेनने जाऊ नका.

सॅनिटरी पॅड जन औषधी केंद्रात एक रुपयाला एक मिळतात, ‘सुविधा’ नावाने विचारा. मेन्स्ट्रुअल कप सोसत असेल तर तीनशे-पाचशेत कित्येक वर्षांचा खर्च मिटतो.

पार्लरमधून महिन्याचं फेशियल काढून टाका. त्याची चमक दोन-तीन दिवसांची असते आणि पुरळ उठलेल्या चेहऱ्यावर चोळल्याने ते वाढतं. भुवया आणि केस कापणं ठेवा. पार्लरवाल्या ताईंना आधीच सांगून टाका, की सध्या एवढंच करायचंय. खुर्चीत बसल्यावर नाही म्हणणं अवघड जातं.

चौथ्या कामासाठी, म्हणजे डाग-मुरुमांसाठी, एकदा त्वचारोग डॉक्टरांना दाखवा. वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथे ओपीडी खाजगी दवाखान्याच्या मानाने फार स्वस्तात होते. ॲडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइनची एक साधी ट्यूब पाच सीरमांपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची असते. पण ती चिठ्ठीनेच घ्या, आणि गरोदरपणात किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जा, म्हणजे काय चालू ठेवायचं ते तिथेच ठरतं.

इथे एक इशारा मनापासून देतो. स्वस्तात गोरं करणारी, लेबल नसलेली किंवा परवाना क्रमांक नसलेली क्रीम, मैत्रिणीने सांगितलेली केमिस्टकडची ‘तीन औषधं एकत्र’ असलेली ट्यूब, यांच्या वाटेला जाऊ नका. पहिलीत पारा असू शकतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरायला बंदी आहे, आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. दुसरीत स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, महिन्यांनी कातडी पातळ होते, लव वाढते, लावणं थांबवलं की आग होते. २०१८ पासून त्वचेवर लावायची अशी स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती उपायही चेहऱ्यावर नकोत. त्यांनी झालेली जखम बरी करण्याचा खर्च वाचवलेल्या पैशापेक्षा मोठा असतो.

मग १,७०० ची वाटणी साधारण अशी बसते. सनस्क्रीन ३००, मॉइश्चरायझर १५०, फेसवॉश १३०, औषधाची ट्यूब १५०, अंगाचा साबण ६०, शाम्पू ७५, तेल ७०, टूथपेस्ट ४५, डिओ किंवा पावडर ९०, पॅड ६०. हे झाले १,१३०. भुवया-केसांसाठी २७०. उरलेले ३०० मन मानेल तसे. लिपस्टिक घ्या, अत्तर घ्या, कुणाला हिशोब द्यायचा नाही. ही ३०० ची मोकळीक ठेवली नाही म्हणूनच मागची दोन्ही बंदीची पर्वं सात हजारांच्या सेलवर जाऊन आदळली. दिवाळीचं उटणं आणि अभ्यंगाचा सुवासिक साबण सणाच्या खर्चात धरा, यात नको. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरातलाच माल वापरायचा असल्याने ७०० च्या आसपासच लागतील, तो वरचा हजारही कार्डातच.

पैसे सुटले तरी खात्यात पडून राहिले तर दुसरीकडे जातात. म्हणून पगार झाल्याच्या दिवशीच कार्डावर ८,००० भरा, बिलाच्या तारखेची वाट बघू नका. थकबाकीवर रोजचं व्याज चढतं, त्यामुळे आधी भरलेलं कामी येतं. किमान देयाचा ऑटोपे चालू ठेवा, म्हणजे एखाद्या महिन्यात विसरलात तरी दंड लागणार नाही. त्याच दिवशी १,७०० पाकिटात काढून ठेवा, किंवा फोनवरच्या यूपीआय लाइटमध्ये टाका. पाकीट रिकामं झालं की पुढचा पगार.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याचं बटण असतं, ते बंद करा. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्डही काढून टाका. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ वरही जाऊ नका, त्यात व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते.

बँकेला एक फोन करून विचारा, ही थकबाकी हप्त्यांत बदलून दिली तर वार्षिक दर किती. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्याऐवजी १८-२० पडत असेल तर फी धरूनही फायदा आहे. पण हप्ते बांधल्यावर कार्डाची मर्यादा मोकळी दिसू लागते आणि तिथेच लोक दुसऱ्यांदा अडकतात. त्याच फोनवर मर्यादा कमी करायला सांगा. कार्ड शून्यावर आलं की तेच ८,००० पर्सनल लोनकडे वळवा, मात्र आधी मुदतपूर्व भरण्याचं शुल्क किती ते करारात बघून घ्या.